मुलांच्या मैदानात मुली : एका पोटकलमाची हकीकत

१९७१-७२ या शालेय वर्षी अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या क्रीडासंघांची जी मोजदाद झाली, तिच्यात मुलांची संख्या ३६,६६,९१७ भरली आणि मुलींची अवघी २,९४,०१५. वर्गात दोघे शेजारी बसत, गणिताचे पुस्तक तेच, इतिहासाचे शिक्षक तेच. परंतु शेवटची घंटा होऊन पावले मैदानाकडे वळली की बारा मुलांमागे एक मुलगी असा हिशेब उरे. त्या एका मुलीच्या वाट्याला टेनिस किंवा पोहणे आले तर ती भाग्यवान म्हणावयाची. बहुसंख्य शाळांत तेवढीही सोय नव्हती, आणि फुटबॉल, कुस्ती, आइस हॉकी यांसारख्या ज्या खेळांत देहाची देहाशी टक्कर होते, ते तर तिच्यासाठी नव्हतेच.

या तफावतीचे सारे खापर पुरुषवर्गाच्या माथी फोडणे सोयीचे आहे, पण ते न्याय्य नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुलींच्या शारीरिक शिक्षणाची सूत्रे ज्या स्त्रियांच्या हाती होती, त्यांनीच आंतरशालेय चुरशीला कसून विरोध केला होता. १९२३ साली राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा स्वतंत्र महिला विभाग स्थापन झाला आणि त्याच्या अग्रभागी होत्या लू हेन्री हूवर, ज्या पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. पुरुषांच्या खेळात शिरलेला तिकिटांचा पैसा, जयापजयाचा उन्माद आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा यांपासून मुलींना दूर ठेवावे, सर्वांनी खेळावे पण कोणी कोणाला हरविण्यासाठी खेळू नये, असा त्यांचा आग्रह. हेतू उदात्त होता यात शंका नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की अनेक राज्यांत मुलींचे चुरशीचे सामने आटले, आणि एका पिढीचा संयम हा पुढच्या दोन पिढ्यांचा मज्जाव होऊन बसला. आयोवासारख्या एखाद्या राज्याने मात्र हा उपदेश मानला नाही. तेथे खेड्याखेड्यांतून मुलींच्या बास्केटबॉलला तुडुंब गर्दी लोटत असे. तथापि तो खेळसुद्धा मुलींसाठी खास बेतलेला होता. सहा जणींचा संघ, तिघी एका अर्ध्यात आणि तिघी दुसऱ्यात, मधली रेघ ओलांडण्याची मनाई आणि चेंडू हाती आल्यावर दोनदाच आपटण्याची मुभा. मुलींना दमछाक सोसणार नाही या गृहीतकावर रचलेली ही पद्धत त्या राज्यात १९९३ पर्यंत टिकून होती.

मुलांच्या संघात जाण्याची इच्छा मुलींना का झाली, याचे उत्तर येथेच आहे. त्यांना मुलांशीच झुंजायचे होते असे नव्हे. झुंजावयाला दुसरे मैदानच नव्हते. हट्टापेक्षा नाइलाज मोठा होता, आणि पुढे जे खटले उभे राहिले त्यांच्या कैफियती वाचताना ही गोष्ट सतत ध्यानी ठेवावी लागते.

त्यातही अमेरिकन फुटबॉलची गोष्ट निराळी. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचे नाते नावापुरतेच. शिरस्त्राण घालून, खांद्यांवर कवच चढवून दोन संघ समोरासमोर उभे ठाकतात, आणि अंडाकृती चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन भुईसपाट करणे हाच त्यातील नित्याचा व्यवहार असतो. हुतूतूतील पकड आणि रेटारेटी यांना चिलखत चढवावे तसा हा प्रकार. शुक्रवारच्या सायंकाळी शाळेचा सामना असला की लहान गावांतील दुकाने बंद होतात आणि सारे गाव बाकांवर येऊन बसते. महाविद्यालयांत तर हा खेळ म्हणजे प्रत्यक्ष लक्ष्मी. तिकिटांचे उत्पन्न, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि विद्यापीठाची पत या तिन्ही गोष्टी त्याच्यावर अवलंबून असतात. अशा खेळाच्या उंबरठ्यावर मुलगी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्यामुळे काय मोडेल याची धास्ती मैदानावरील गड्यांपेक्षा कचेरीतील कारभाऱ्यांना अधिक वाटली.

१९७३ च्या शरद ऋतूत, पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यातील ग्रेज हार्बर परगण्यात, विश्का व्हॅली नावाच्या एका शाळेत डॅरिन आडनावाच्या दोन बहिणींनी मुलांच्या फुटबॉल संघात आपली नावे नोंदविली. हा मुलूख लाकूडतोडीचा, शाळा लहान, आणि मुलींसाठी फुटबॉलचा वेगळा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता. थोरली सोळा वर्षांची, धाकटी चौदा. दोघींनी वैद्यकीय तपासणी करवून घेतली, विम्याचे कागद भरले, आणि नियमाप्रमाणे सामन्यापूर्वी जेवढे सराव आवश्यक होते तेवढे मुलांच्या बरोबरीने पुरे केले. प्रशिक्षकाची हरकत नव्हती. त्या खेळण्यास पात्र आहेत असे त्याचे मत होते आणि सामन्यात त्यांना उतरविण्याची त्याची तयारीही होती. इतके सारे यथासांग पार पडल्यावर, हंगाम तोंडाशी आला असताना, आंतरशालेय क्रीडांचा कारभार पाहणाऱ्या राज्य संघटनेकडून शाळेला कळविण्यात आले की मुलींनी मुलांसमवेत अंगसंपर्काचा फुटबॉल खेळण्यास संघटनेच्या नियमांनी मज्जाव आहे. शाळेच्या मंडळाने तो हुकूम शिरसावंद्य मानला आणि बहिणींना संघाबाहेर काढले. त्यांच्या अंगी काही उणीव आढळली म्हणून नव्हे, तर त्या मुली होत्या एवढ्याच कारणासाठी; आणि हे कारण कोणी लपविलेही नाही.

आईवडिलांनी फिर्याद केली. परगण्याच्या न्यायालयाने वस्तुस्थितीबाबत सारे निष्कर्ष मुलींच्या बाजूने दिले, त्या मुलांच्या तोडीने खेळू शकतात हेही मान्य केले, आणि तरीही दाद नाकारली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात एक नवी गोष्ट घडून आली होती: नोव्हेंबर १९७२ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून लिंगाच्या कारणाने हक्क व जबाबदाऱ्या यांत भेद करता येणार नाही असे कलम घालून घेतले होते. ज्यांनी त्या दुरुस्तीला मत दिले, त्यांच्यापैकी कितीजणांच्या डोळ्यांसमोर शिरस्त्राण घातलेली मुलगी होती हे सांगणे कठीण आहे. २५ सप्टेंबर १९७५ रोजी न्यायालयाने बहिणींच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा एका न्यायमूर्तींनी आपण काहीशा संकोचानेच सहमत होत आहोत आणि लोकांनी या परिणामाचा पुरता विचार केला नसावा, अशी नोंद प्रामाणिकपणे करून ठेवली.

या निकालातील युक्तिवाद साधा आहे आणि त्याचे सामर्थ्यही त्या साधेपणातच आहे. संघटनेचे म्हणणे असे की बहुतेक मुली फुटबॉलला लागणाऱ्या शक्तीत कमी पडतात आणि त्यांना इजा होण्याचा संभव अधिक. न्यायालयाने विचारले की बहुतेक मुले तरी या खेळाला कोठे पुरी पडतात? दुबळा मुलगा संघात येऊ पाहतो तेव्हा प्रशिक्षक त्याला पारखतो आणि न जमल्यास परत पाठवतो. पण साऱ्या मुलांना त्याच्यापायी कोणी बाहेर ठेवत नाही. मग काही मुलींच्या असमर्थतेसाठी समर्थ मुलींना दंड का? परीक्षा घ्यावी, अपात्र ठरल्यास घरी पाठवावे, पण परीक्षेपूर्वीच दार लावून घेऊ नये. खेद एवढाच की फिर्याद आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये शाळेचे दोन हंगाम निघून गेले, आणि विद्यार्थी खेळाडूच्या पदरी हंगाम असतात फार तर चार.

त्याच वर्षी मार्च महिन्यात पेन्सिल्व्हेनिया राज्यात याहून चमत्कारिक प्रकार घडला. तेथे शालेय क्रीडासंघटनेने मुलींना मुलांबरोबर सामने खेळण्यासच नव्हे, तर सराव करण्यासही सरसकट बंदी घातली होती, आणि खुद्द राज्यसरकारने ती बंदी रद्द व्हावी म्हणून दावा लावला होता. सरकारच्या फिर्यादीत फुटबॉल व कुस्ती हे दोन खेळ वगळलेले होते. इतक्या लांब जाण्याचे धाडस वादीलाही झाले नव्हते. न्यायालयाने मात्र हे दोन खेळ वगळण्यास कोणतेच कारण दिसत नाही असे म्हणून, मागितले होते त्याहून अधिक देऊन टाकले.

राज्याराज्यांतून हे चालले असता केंद्राच्या राजधानीत निराळेच राजकारण शिजत होते. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने शिक्षणविषयक जो कायदा झाला त्याच्या नवव्या प्रकरणात, ज्याला तेथे सर्वतोमुखी ‘टायटल नाइन’ म्हणतात, अवघ्या सदतीस इंग्रजी शब्दांचे एक वाक्य होते: केंद्रसरकारचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या कारणाने कोणालाही वगळता येणार नाही. या वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु विद्यापीठांच्या क्रीडाविभागांनी ते वाचले आणि त्यांची झोप उडाली. १९७४ मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी उत्पन्न देणारे खेळ या कायद्यातून मुक्त असावेत अशी दुरुस्ती मांडली. सिनेटने ती स्वीकारली, पण दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत ती गळाली. मग साऱ्यांचे लक्ष लागले ते कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तयार होत असलेल्या नियमांच्या मसुद्याकडे. त्यावर सूचना व हरकती आल्या दहा हजारांच्या घरात, आणि त्यांतील खेळासंबंधीच्या पत्रांचा ढीग एवढा मोठा की हे नियम तयार करणाऱ्या केंद्रीय खात्याचे सचिव कॅस्पर वाइनबर्गर यांनी, देशापुढील सर्वांत गहन प्रश्न महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या रक्षणाचा आहे हे आपल्याला आजवर ठाऊक नव्हते, अशा आशयाचा टोमणा मारला.

२१ जुलै १९७५ पासून नियम अमलात आले. त्यांत असे ठरले की एखाद्या खेळाचा संघ शाळेत मुलांसाठी आहे, मुलींसाठी नाही, आणि मुलींना पूर्वी संधी तोकडी मिळालेली आहे, तर मुलींना त्या संघाच्या निवडचाचणीस बसू द्यावे; मात्र तो खेळ अंगसंपर्काचा असल्यास हे बंधन नाही. कोणते खेळ अंगसंपर्काचे याचीही गणती करून दिली होती: मुष्टियुद्ध, कुस्ती, रग्बी, आइस हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल, आणि ज्यांत देहाशी देहाचा संपर्क हा मुख्य भाग आहे असे इतर खेळ. या यादीत बास्केटबॉल का, असा प्रश्न कोणालाही पडेल, कारण तो खेळ मुली गेली ऐंशी वर्षे खेळत आल्या होत्या. माझ्या मते याचे उत्तर शरीरशास्त्रात शोधू नये, हिशेबाच्या वहीत शोधावे. फुटबॉल आणि बास्केटबॉल हे दोनच खेळ महाविद्यालयांची तिजोरी भरीत होते; टॉवर यांच्या दुरुस्तीने समोरच्या दाराने जे साधले नाही, त्याचा एक अंश या पोटकलमाने मागील दाराने साधला.

तथापि न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या पोटकलमाने मुलींना मनाई केली नव्हती. शाळेवर सक्ती केली नव्हती, एवढेच. घेणे न घेणे शाळेच्या मर्जीवर सोडले होते. पण कचेऱ्यांतून नियम वाचण्याची एक रीत असते: ज्याची सक्ती नाही त्याची परवानगीही नाही असे समजून हात झटकावयाचे. ओहायोच्या शालेय संघटनेने तर अंगसंपर्काच्या खेळांतील मिश्र संघांवर सरसकट बंदीच घातली होती, आणि शाळेला मिळालेली निवडीची मुभा हिरावून घेण्याचा अधिकार संघटनेला नाही, हे सांगण्यासाठी १९८१ साली केंद्रीय अपील न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

पुढील दहा वर्षांचा इतिहास हा एकेका मुलीच्या फिर्यादीचा इतिहास आहे. १९७७ मध्ये कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथील सोळा वर्षांच्या मुलीला मुलांच्या सॉकर संघातून मुख्याध्यापकांनी काढले, तेव्हा केंद्रीय न्यायाधीश रिचर्ड मॅच यांच्यापुढे वैद्यकीय साक्षी झाल्या. सरासरीने पुरुषांचे स्नायू अधिक, हाडे मोठी, हे तज्ज्ञांनी सांगितले आणि ते कोणी नाकारलेही नाही. पण सर्व मुलींमध्ये आपापसांत आणि सर्व मुलांमध्ये आपापसांत जो फरक असतो तो या दोन सरासऱ्यांमधील फरकाहून मोठा आहे, हेही त्यांनीच सांगितले. काटकुळ्या मुलाला धिप्पाड मुलापासून वाचविणारा एकही नियम संघटनेकडे नव्हता. मुलींना वाचविणारा तेवढा होता. न्यायाधीशांनी शाळेपुढे तीन मार्ग ठेवले: मुलींचा वेगळा संघ काढा, एकच संघ सर्वांना खुला करा, नाहीतर तो खेळच बंद करा.

मुलींच्या नाजूकपणाचा कैवार घेताना माणसे किती दूर जातात याचा एक नमुना येथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे, जरी तो अंगसंपर्काच्या खेळाचा नाही. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकन गावी मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी मुलांच्या बेसबॉल संघातून तीन सामने खेळली, आणि ‘लिटल लीग’ या संघटनेने गावच्या संघांची सनदच काढून घेण्याची धमकी देऊन तिला घरी बसविले. पुढल्या वर्षी नागरी हक्कखात्यापुढे सुनावणी झाली, तेव्हा संघटनेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने मुलींची हाडे मुलांपेक्षा कमजोर असतात हे सिद्ध करण्यासाठी जपानमधील प्रेतांवर झालेल्या अभ्यासाचा हवाला दिला. सुनावणी घेणाऱ्या सिल्व्हिया प्रेसलर यांच्यावर त्याचा प्रभाव पडला नाही. निकाल मुलींच्या बाजूने लागला. मात्र तोवर मारियाचे वय त्या संघाच्या मर्यादेपलीकडे गेले होते.

विरुद्ध पक्षाचा एक युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९८० साली इलिनॉयमधील अकरा वर्षांच्या एका मुलीने, आपल्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ असूनही, आपली पात्रता मोठी म्हणून मुलांच्या संघाच्या चाचणीस बसू द्यावे, अशी मागणी केली. प्रकरण तातडीच्या अर्जाने केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्यापुढे आले आणि त्यांनी ती फेटाळली. त्यांचा विचार असा की लिंगभेदाची भिंत पाडायची तर ती दोन्ही बाजूंनी पडेल. मग मुलींच्या संघांत मुले शिरतील, बहुसंख्य जागा पटकावतील, आणि ज्या मुलींसाठी ही सारी खटपट त्याच पुन्हा बाकावर बसतील. एका असामान्य मुलीचा हक्क मोठा की शंभर सामान्य मुलींची सोय, असा हा पेच होता. जेथे मुलींचा संघ अस्तित्वात आहे तेथे स्टीव्हन्स यांचे म्हणणे मला वजनदार वाटते. जेथे संघच नाही तेथे ते गैरलागू आहे. दुर्दैवाने शाळांचे वकील दुसऱ्या प्रकारच्या खटल्यांतही तेच शस्त्र उगारीत राहिले.

हा पेच सर्वांत स्पष्टपणे उलगडला तो मिसूरी राज्यातील पिअर्स सिटीच्या खटल्यात, १९८३ साली. आठवीतील तेरा वर्षांची मुलगी, भाऊ फुटबॉल खेळणारे, आणि तिलाही शाळेच्या संघात यावयाचे. शाळेने इजेचे भय दाखविले, वेगळ्या कपडे बदलण्याच्या खोलीची अडचण सांगितली, उद्या मुले मुलींच्या व्हॉलीबॉल संघात जागा मागतील असेही म्हटले. न्यायाधीशांनी यांतील एकेक मुद्दा शांतपणे बाजूस सारला आणि वादाचे मर्म बोट ठेवून दाखविले: ही मुलगी संघात जागा मागत नाही, जागा द्यावी की नाही हे प्रशिक्षकाने तिचा खेळ पाहून ठरवावे, ती मागते आहे ती केवळ प्रयत्न करून पाहण्याची मुभा. या विषयावरील साऱ्या निकालांत मला हा निकाल श्रेष्ठ वाटतो, कारण त्यात मुलींच्या सामर्थ्याचा पोवाडा नाही आणि दुर्बलतेचा कळवळाही नाही. अपयशी ठरण्याचा हक्कही मुलामुलींना सारखाच असावा, एवढेच त्याचे प्रतिपादन आहे.

आपल्याकडील वाचकाला हा सारा परकी तमाशा वाटू नये म्हणून मुंबई राज्यातील एका प्रकरणाची आठवण देतो. अलीगढच्या हमीदा बानू या पहिलवान स्त्रीने १९५४ मध्ये आपल्याला चीत करणाऱ्याशी लग्न करीन अशा पैजेवर पुरुष मल्लांना आव्हान दिले होते. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल हरवून त्या मे महिन्यात बडोद्यास आल्या आणि बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत पाडले. पण कुस्तीची पंढरी मानल्या जाणाऱ्या कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी यांना पाडले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, दगड फेकले, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती तर तेथील कुस्ती-संघटनेच्या विरोधामुळे झालीच नाही. बानूंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार गुदरली. उत्तर आले की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही. आयोजक त्यांच्यासमोर लुटुपुटीचे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. कारण खरे असेलही. परंतु पुरुषापुरुषांच्या कुस्त्याही ठरवून होत असल्याची ओरड आपल्या आखाड्यांत नवी नव्हती, आणि तिच्यापायी पुरुषांच्या कुस्त्यांवर सरसकट बंदी आली नव्हती.

अमेरिकेच्या उत्तरेस, कॅनडात, हाच प्रश्न बर्फावर लढला गेला. तेथे १९५५ मध्ये ॲबी हॉफमन ही आठ वर्षांची मुलगी केस आखूड कापून ‘ॲब’ या नावाने टोरांटोतील मुलांच्या आइस हॉकी लीगमध्ये खेळली. ती बचावफळीत इतकी पक्की होती की निवडक खेळाडूंच्या संघात तिची वर्णी लागली. त्यासाठी जन्मदाखले पाहण्यात आले तेव्हा गुपित फुटले. (हीच मुलगी पुढे चार ऑलिंपिकांत धावली आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाचा ध्वज घेऊन चालली.) तीस वर्षांनी, १९८५ मध्ये, जस्टिन ब्लेनी या बारा वर्षांच्या मुलीला टोरांटोतील मुलांच्या संघाने गुणांवर निवडले, पण ऑन्टॅरिओ हॉकी संघटनेने तिचे नाव नोंदविण्यास नकार दिला. कायद्याकडे जावे तर प्रांताच्या मानवी हक्क संहितेत क्रीडासंस्थांना लिंगभेदाची स्पष्ट सूट दिलेली. तेव्हा आधी ही सूटच रद्द करवून घ्यावी लागली, आणि ती १९८६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने नव्या हक्कसनदेच्या आधारे रद्द केली. तरीही पुन्हा चौकशी मंडळापुढे जावे लागले, आणि जानेवारी १९८८ मध्ये ती मुलांच्या संघातून अधिकृतपणे खेळली.

या लढ्यातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग असा की ब्लेनीच्या विरोधात ऑन्टॅरिओची महिला हॉकी संघटनाही उभी होती. आमच्या उत्तम मुली मुलांकडे गेल्या, आणि सूट गेल्यामुळे मुले आमच्याकडे आली, तर मुलींची हॉकी दोन्ही बाजूंनी मरेल, ही त्यांची भीती. १९२३ च्या विदुषींची आठवण व्हावी असा हा प्रसंग. पण या वेळी विरोध करणाऱ्या स्त्रिया स्पर्धेच्या विरोधक नव्हत्या, अनेक वर्षे खपून त्यांनी मुलींची स्पर्धा उभी केली होती. प्रत्यक्षात त्यांची भीती खरी ठरली नाही. मुलींची हॉकी वाढली आणि १९९८ मध्ये नागानो येथे ती ऑलिंपिकमध्ये दाखल झाली.

कुस्तीची कथा मात्र निराळ्या वळणाने गेली. फुटबॉलमध्ये वजनाचा आणि इजेचा मुद्दा तरी पुढे करता येत असे. शालेय कुस्ती वजनगटांनुसार होते, तेव्हा तो आधारही निसटला आणि आत दडलेली खरी अडचण उघडी पडली. ती होती स्पर्शाची. १९९६ मध्ये कॅन्ससमधील एका शाळेने न्यायालयात सांगितले की मुलामुलींची कुस्ती लावली तर विनयभंगाच्या तक्रारी होतील आणि पालकांच्या नीतिकल्पनांना धक्का बसेल. न्यायालयाचे उत्तर असे की कुस्ती हा खेळ आहे, तसे गैरवर्तन खपवून घेतले जाणार नाही अशी ताकीद देणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि कोणाला संकोच वाटतो म्हणून दुसऱ्याची संधी काढून घेता येत नाही. संकोच अर्थातच निकालाने जात नाही. २०११ मध्ये आयोवाच्या राज्य कुस्ती स्पर्धेत प्रथमच दोन मुली पात्र ठरल्या. त्यांपैकी एकीसमोर उभा ठाकलेल्या मुलाने, तो विजेतेपदाचा दावेदार असूनही, आपल्या धर्मश्रद्धेला स्मरून कुस्ती सोडून दिली. मुलीच्या वडिलांनी त्याच्या निर्णयाचा आदर केला. न्यायालये जे करू शकत नाहीत ते कधी कधी दोन कुटुंबांचे सौजन्य करते. मात्र त्या मुलीला पहिला विजय लढून मिळाला नाही, हेही तितकेच खरे.

आता १९९४ कडे मागे जावे लागेल, कारण महाविद्यालयांतील सर्वांत गाजलेले प्रकरण तेथे सुरू होते. न्यूयॉर्क राज्यातील शाळेच्या विजेत्या फुटबॉल संघातून चेंडू लाथेने मारण्याची कामगिरी केलेली हीदर स्यू मर्सर ड्यूक विद्यापीठात दाखल झाली. हे काम करणाऱ्या खेळाडूला इतरांसारखी धडकाधडक करावी लागत नाही, नियमही त्याला विशेष संरक्षण देतात, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. १९९५ च्या वसंत ऋतूत संघातल्या संघात झालेल्या सराव सामन्यात तिने २८ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला आणि तिची बाजू जिंकली; मुख्य प्रशिक्षकाने ती संघात असल्याचे वृत्तपत्रांना सांगूनही टाकले. त्यानंतर मात्र तिला उन्हाळी शिबिरास बोलावले नाही, सामन्यांत गणवेश घालू दिला नाही, सौंदर्यस्पर्धांत भाग घेण्याचा अनाहूत सल्ला दिला, आणि १९९६ मध्ये संघातून वगळले. पुढल्या वर्षी तिने दावा लावला. विद्यापीठाने बोट ठेवले ते त्याच पोटकलमावर: फुटबॉल अंगसंपर्काचा खेळ, सबब टायटल नाइन येथे लागू नाही. खालच्या न्यायालयाने हे मानले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने मानले नाही. मुलीला चाचणीस न घेण्याची मुभा आहे, पण एकदा संघात घेतल्यावर भेदभाव करण्याची मुभा नाही, असे त्याने ठरविले. ऑक्टोबर २००० मध्ये ज्यूरीने तिला प्रत्यक्ष नुकसानीदाखल १ डॉलर आणि विद्यापीठास दंडादाखल २० लाख डॉलर असा निवाडा दिला. २००२ मध्ये दंडाची रक्कम रद्द झाली आणि डॉलर तेवढा उरला.

या निकालाने तत्त्व जिंकले, पण त्याच्या पोटी एक अनिष्ट धडाही होता. जी संस्था मुलीला उंबरठा ओलांडू देते ती कायद्याच्या कक्षेत येते आणि जी दार उघडतच नाही ती सुरक्षित राहते, असा त्याचा अर्थ कोणताही हुशार वकील आपल्या अशिलाला समजावून सांगू शकत होता. दोष न्यायाधीशांचा नव्हता. पोटकलमाची रचनाच तशी होती.

मुलांच्या संघात शिरलेल्या या मुलींनी मुलांचे खेळ बुडविले नाहीत, आणि स्टीव्हन्स यांना वाटणाऱ्या भीतीप्रमाणे मुलांनीही मुलींच्या संघांवर झुंडीने चाल केली नाही. जे झाले ते कुस्तीच्या आकड्यांत दिसते. १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत कुस्ती खेळणाऱ्या मुलींची नोंद ११२ होती, आणि त्यांना मुलांशीच लढावे लागे. १९९८ पासून हवाई, टेक्सास यांसारखी राज्ये मुलींच्या स्वतंत्र स्पर्धा भरवू लागली, २००४ मध्ये अथेन्सला स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, आणि २०२३-२४ मध्ये शाळांतील मुलींची संख्या ६४,२५७ वर पोहोचली. मुलांच्या संघात एकट्यादुकट्याने सोसणाऱ्या मुली आधी आल्या, मुलींचे संघ मागाहून उभे राहिले. हा क्रम उलटा होऊ शकला असता असे मला वाटत नाही, कारण मागणी दिसल्याखेरीज कोणतीही शाळा पैसा खर्च करीत नाही.

फुटबॉलमध्ये मात्र मुलींचा स्वतंत्र संघ अजूनही अपवादानेच आढळतो. २०१८ च्या हंगामात अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत अकरा खेळाडूंच्या फुटबॉलमध्ये २,४०४ मुली खेळल्या, त्या जवळजवळ सर्व मुलांच्या संघांतून. जेथे राज्याची घटना किंवा एखाद्या न्यायालयाचा निकाल पाठीशी नाही, तेथे त्यांचे खेळणे शाळेच्या मर्जीवर अवलंबून आहे. कारण १९७५ सालचे ते पोटकलम, त्यातील सहा खेळांच्या यादीसह, केंद्राच्या नियमावलीत आजही जसेच्या तसे उभे आहे. ते काढून टाकण्यास आता पन्नास वर्षांचा उशीर झालेला आहे.